काम झालं नाही तर देव कधी काढायचे

देव पाण्यात ठेवून बावीस दिवस झाले होते आणि ज्याच्यासाठी ठेवले होते त्याला जाऊन सोळा.

पद्धत तशी सोपी आहे. घरातलं माणूस जिवावरच्या दुखण्यात सापडलं की देव्हाऱ्यातले देव उचलायचे आणि पाण्यात ठेवायचे. माणूस बरं होऊन घरी आलं की देव बाहेर काढायचे, पुसायचे, गोडाचा नैवेद्य दाखवायचा. माणूस घरी आलंच नाही तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. सदाशिव पेठेत जिन्यात चपला कुठे आणि कुठल्या दिशेला तोंड करून काढाव्यात याचे लेखी नियम आहेत. याचा नाही.

सलिलचा मोठा भाऊ आमोद सदतीस वर्षांचा होता. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात पंधरा वर्षं नोकरी केली, अंगावर ओरखडा नाही, आणि डासाने गेला. डेंग्यू. तब्बल एकेचाळीस वेळा रक्तदान केलेला माणूस. प्रमाणपत्रं एवढी झाली होती की त्यातली काही आईने कपाटाच्या खणात तळाला अंथरायला घेतली होती. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं त्या संध्याकाळी आई, म्हणजे वासंतीबाई, रिक्षाने घरी आल्या, पाय धुतले आणि गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंकराचा बाण आणि कुलदेवीचा टाक अशा पाचही जणांना स्टीलच्या पातेल्यात ठेवून वरून पाणी ओतलं आणि पातेलं देव्हाऱ्यातच ठेवलं. हे एरवी साबुदाणा भिजवायचं पातेलं.

सलिलला तेव्हाच एक शंका आली होती. देव दयाळू असेल तर त्याला बुडवून ठेवायची गरज काय? आणि दयाळू नसेल, तर तो साबुदाण्याच्या पातेल्याला घाबरेल कशाला? पण ही शंका विचारायची वेळ नव्हती आणि खरं सांगायचं तर त्या सहा दिवसांत त्यानेही घरातून बाहेर पडताना दोनदा पातेल्यात डोकावून पाहिलं होतं. पाणी पुरेसं आहे ना, म्हणून.

सहाव्या दिवशी आमोद गेला. घरात सुतक आलं. सुतकात देवाला हात लावायचा नाही. त्यामुळे देव होते तिथेच राहिले. वरच्या मजल्यावरच्या वेणूबाई वेगळ्या गोत्राच्या, त्यांना सुतक नाही, म्हणून त्या रोज येऊन पातेल्यातलं पाणी बदलत. सलिलने त्यांना हळूच विचारलंही होतं, "मावशी, तुम्हीच काढा ना बाहेर."

"मी? मी नाही बाई. मी फक्त पाण्याचं बघते," वेणूबाई म्हणाल्या. "काढायचं तुमचं तुम्ही बघा."

पाच-सहा दिवस त्यांनी पाण्याचं बघितलं आणि मग लेकीकडे नाशिकला गेल्या. देव्हाऱ्याची जाळीची दारं लावलेली होती. ती उघडून आत बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तेरावा झाला, लोक जेवून गेले, सुतक संपलं.

आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. कारण वासंतीबाईंचा अडतीस वर्षांचा नेम होता की पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. सुतकात पूजाच नसते, त्यामुळे त्या दिवसांत त्या जेवत होत्या. सुतक संपल्यावर नेम पुन्हा लागू झाला. देव पाण्यात असल्यामुळे पूजा होत नव्हती. पूजा होत नव्हती म्हणून जेवण होत नव्हतं. तीन दिवस त्या चहावर होत्या. वय चौसष्ट, मधुमेहाच्या गोळ्या चालू. आदल्या दिवशी त्या भांडी लावताना ओट्याला धरून दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या होत्या आणि सलिलने विचारल्यावर "विचार करतेय" असं म्हणाल्या होत्या.

"आई, दोन घास खा."

"पूजा झाली नाही."

"मग कर पूजा."

"देव पाण्यात आहेत."

"मग काढ बाहेर."

"काम झालं नाही."

"आई, ते काम आता होणार नाही."

"ते त्याने सांगावं," वासंतीबाई देव्हाऱ्याकडे मान करून म्हणाल्या आणि कपबशी विसळायला घेतली.

यात वेडेपणा नव्हता. वासंतीबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात तक्रार विभागात काढली होती. फोन बंद पडलेला माणूस फोन करून तक्रार करू शकत नाही, तेव्हा तो शेजाऱ्याच्या फोनवरून करतो, आणि मग शेजाऱ्याचाच फोन दुरुस्त होतो, असल्या जगात त्या वावरल्या होत्या. तिथला एकच नियम त्यांनी घरी आणला होता. तक्रार कधी बंद करायची? लाइनमनने सांगितल्यावर नाही, साहेबाने सांगितल्यावरही नाही. गिऱ्हाईकाने स्वतः सांगितलं, की टोन आला, तेव्हा. आमोद गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. रोज आंघोळ करून बंद देव्हाऱ्यासमोर उभ्या राहत, हात न जोडता, कमरेवर ठेवून. खिडकीपलीकडचा माणूस चहाला गेलाय आणि रांगेत आपण पहिले आहोत, अशा.

सलिलने वरच्या पातळीवर प्रयत्न करून पाहिला. तेराव्याचं सगळं करणाऱ्या बद्रीनाथ गुरुजींना त्याने फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"गुरुजी, काम झालं नाही तर देव कधी काढायचे?"

"हे बघा," गुरुजी म्हणाले, "मुळात देव पाण्यात ठेवणं हेच शास्त्रात नाही. ही बायकांची पद्धत."

"मग बायकाच ठरवतील," वासंतीबाई मागून म्हणाल्या.

"कोण, काकू का? काकू, अहो, असं हट्टाला पेटू नका. ज्याचं त्याचं प्रारब्ध असतं. गेल्या जन्मीचं काही राहिलेलं असेल आमोदचं."

"गेल्या जन्मी काय केलं होतं त्याने?"

"ते आपल्याला कसं कळणार?"

"त्याला कळलं होतं का?"

"कुणाला?"

"आमोदला. शिक्षा ज्याला देतात त्याला निदान कशाबद्दल ते सांगतात. आमच्या खात्यात शिपायालासुद्धा मेमो द्यायचे."

गुरुजींकडे दुसरा फोन येत होता.

सलिल स्वतः स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये बुद्धिमत्ता चाचणी शिकवायचा. बसल्या जागी तर्क लढवणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. त्या दिवशी सकाळच्या बॅचला त्याने फळ्यावर लिहिलं. विधान एक: देव सर्वांवर प्रेम करतो. विधान दोन: देव काहीही करू शकतो. विधान तीन: चांगली माणसं हाल होऊन मरतात. निष्कर्ष काढा.

साठ मुलं-मुली फळ्याकडे बघत बसली. हे मागच्या कुठल्या पेपरात आलं होतं, ते कुणाला आठवेना.

"सर, एक आणि दोन खरं असेल तर तीन येऊच शकत नाही," कुणीतरी म्हणालं.

"पण तीन तर आलंय."

"मग एक तरी जाईल नाहीतर दोन तरी."

"कुठलं?"

पहिल्या बाकावर यवतमाळची भाग्यश्री बसायची. तीन वेळा पूर्व परीक्षा निघालेली, मुख्यला अडकलेली. ती म्हणाली, "सर, तुम्हीच सांगता नं. प्रश्नाच्या वर सूचना असते. दिलेली विधाने वस्तुस्थितीशी विसंगत वाटली तरी सत्य मानावीत. ते खरं आहे का, हे आपण विचारायचंच नाही. विचारलं की मार्क जातात."

सलिलने फळा पुसला आणि रक्ताची नाती घेतली. 'एका फोटोकडे बोट दाखवून अ म्हणाला' या प्रकारची. मग तीही पुसली आणि बॅच अर्धा तास आधी सोडली.

घरी येऊन बूट काढतोय तोच बेल वाजली. दारात खांद्याला बॅग, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात वही अशा वेशात एक माणूस होता.

"महापालिका. डेंग्यूची तपासणी. संतोष नाव माझं. हितं पेशंट होता ना?"

"होता," वासंतीबाई म्हणाल्या.

"बरा झाला?"

"नाही."

संतोषने वहीत पाहिलं. तिथे दोनच रकाने असावेत, कारण तो पेन घेऊन एकदा इकडे आणि एकदा तिकडे गेला. मग वही मिटली.

"माफ करा, काकू," तो म्हणाला. "मला वरून नुसता पत्ता देत्यात."

"असू दे. बघा काय बघायचंय ते."

संतोषने काम चोख केलं. कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून पाहिला, मोरीतलं पिंप, मनी प्लांटची बाटली, कूलर. सगळं खडखडीत कोरडं. वासंतीबाई मागे उभ्या राहून परीक्षेला बसल्यासारख्या बघत होत्या.

"घर लई स्वच्छ हाय तुमचं," तो म्हणाला. मग वळला. "आणि ह्यात काय?"

"देव आहेत."

"उघडा की."

"तिथे कसले आलेत डास?" सलिल म्हणाला.

"दादा, देवाचा तांब्या तर आम्ही पहिला बघतो. गेल्या आठवड्यात एका घरी गंगेच्या गडूत आळ्या सापडल्या. सील फुटलेला."

वासंतीबाई बाजूला सरकल्या. सलिलने जाळीची दारं उघडली. संतोषने बॅटरी लावून पातेल्यावर धरली आणि "हां" असं म्हणाला. हरवलेली किल्ली सापडल्यावर म्हणतात तसं.

पाण्यात बारीक काळपट आळ्या होत्या. चांगल्या तीस-चाळीस. उजेड पडला तशा त्या वळवळत खाली गेल्या आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला वर आल्या. काही गणपतीच्या सोंडेच्या वळणात होत्या. बाळकृष्णाच्या लोण्याच्या गोळ्याखाली सावली होती, तिथे सर्वांत जास्त.

"पाणी किती दिवसांचं?"

सलिलने मनात वेणूबाईंचं नाशिक मोजलं. "दहा-अकरा."

"आणखी दोन-तीन दिवसांत उडाले असते."

"हे तेच का?" वासंतीबाईंनी विचारलं.

"आळीकडं बघून आजार न्हाई सांगता येत, काकू. पण जात तीच. मोठा झाला की पायावर पांढरे पट्टे येत्यात."

"देवाजवळ कसे आले पण?"

"त्यांना पाणी स्वच्छ लागतंय. हा डास गटारात अंडी घालत न्हाई. घाणेरड्या घरात उलट सापडतच न्हाई कधीकधी. नेटक्या माणसाकडं जास्त."

सलिलने आईकडे पाहिलं. तीन दिवस उपाशी असलेली, सोळा दिवस न रडलेली बाई आता काय करेल, याचा त्याला अंदाज येईना. आणि त्याच्या तोंडून नको ते गेलं, तेही वर्गात समजावून सांगतात त्या आवाजात.

"बघ आई. ज्याने डास बनवला त्याच्याकडेच तू डासाची तक्रार घेऊन गेली होतीस."

संतोष बॅटरीचं बटण उगाच चालू-बंद करू लागला.

वासंतीबाई पातेल्यावर वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. सलिलला वाटलं, चक्कर येतेय की काय, म्हणून तो पुढे झाला.

"याला स्वतःच्या अंगावरचे हाकलता आले नाहीत रे," त्या म्हणाल्या. आवाज एकदम निराळा होता. आमोद लहानपणी पडून गुडघा फोडून आला की लागायचा तो. "लोण्याच्या गोळ्यात शिरलेत याच्या. आणि मी वरून दटावत उभी रोज. आमोदला परत आण म्हणून. याच्याच्याने होत असतं तर याने आधी हे नसते का घालवले? बिचारा."

"बिचारा कोण?"

"हा." त्यांनी पाण्यात हात घातला आणि बाळकृष्णाला उचललं. "होतं ते सगळं करून बघितलं असेल याने. नाही जमलं."

"आई, मग देव कशाला म्हणायचं त्याला?"

"तुला जमलं? डॉक्टरांना जमलं? तरी डॉक्टरांना डॉक्टरच म्हणतोस ना?"

"डॉक्टर स्वतःला विघ्नहर्ता म्हणवून घेत नाहीत!"

"घेत्यात एखादे," संतोष म्हणाला.

वासंतीबाईंनी पदराने बाळकृष्णाचं तोंड पुसलं, कान पुसले, पदराचं टोक पिळून कानाच्या आत घातलं. मग अन्नपूर्णा काढली. ती त्यांना माहेरून लग्नात दिलेली, पार काळवंडली होती. मग बाण. मग टाक. देव बाहेर येत होते. आई जेवणार होती. सलिल तीन दिवस ज्यासाठी धडपडत होता ते त्याच्यासमोर घडत होतं, आणि आईचा हात गणपतीकडे गेला तसा तो म्हणाला, "थांब."

त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"काय झालं?"

"तो नको."

"का?"

"आमोदने शेवटच्या दिवशी पाणी मागितलं होतं. डॉक्टर देऊ नका म्हणाले होते. चमचाभर. मी नाही दिलं." सलिल पातेल्याकडे बघत होता. "बिचारा म्हणून सोडून द्यायचं? तुला जमलं नाही, असू दे, ये बाहेर, पूस अंग? मला नाही चालणार. मी तर त्याला मानतही नाही."

"मानत नाहीस तर चिडतोस कुणावर?"

सलिल पातेल्याची कड धरून उभा राहिला.

वासंतीबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, बहुधा सोळा दिवसांत पहिल्यांदा. मग ताम्हनात मांडलेल्या चौघांकडे पाहिलं.

"बरं. मग एक तुझा राहू दे पाण्यात," त्या म्हणाल्या. "माझं झालं. तुझं झालं नाही. हाच ठेवायचाय? नीट बघून सांग. बाण चालणार नाही, त्याच्यावर एरवीही पाणीच असतं. बाळकृष्ण मी देणार नाही."

"हाच. खातं याचंच आहे."

"याला बुडायची सवय आहे, हं. दरवर्षी बुडवतो आपण."

"दीड दिवसाने. शिवाय वाजतगाजत. हे वेगळं."

"अवो काकू," संतोषने शेवटी तोंड घातलं, "तुमचं घरातलं तुम्ही बघा, पण पाणी साठवून न्हाई ठेवता येणार. नोटीस द्यावी लागंल मला. ठेवायचंच असंल तर गप्पी मासे सोडा. आळ्या खात्यात. आमच्याकडं मिळत्यात."

"देवाबरोबर मासे?"

"मत्स्यावतार समजायचं."

"नको."

"मग रोज पाणी बदला. आणि नुसतं बदलून भागत न्हाई, भांडं आतनं घासायचं. अंडी कडंला चिकटून बसत्यात."

"हा घासेल," वासंतीबाई म्हणाल्या. "ऐकलंस ना? रोज. वेणूबाई आल्या तरी त्यांना सांगायचं नाही. भांडण तुझं आहे."

आळ्यांचं पाणी मोरीत नको, मातीत उन्हात ओता असं संतोषने सांगितलं, म्हणून सलिल गणपतीला तेवढ्यापुरतं ओट्यावर ठेवून पातेलं घेऊन खाली गेला. सोसायटीच्या कडेला कोरड्या मातीवर ओतलं. आळ्या थोडा वेळ तडफडल्या आणि मग माती नुसती ओली दिसायला लागली. तोवर संतोषने वर घराच्या दाराच्या चौकटीवर खडूने तारीख घातली आणि पुढच्या जिन्याकडे गेला.

सलिल वर आला तेव्हा निरांजन लावलेलं होतं. वासंतीबाईंनी चौघांची पूजा केली. आरती म्हटली नाही. मग पाट न घेता सरळ टेबलाशी बसल्या आणि सकाळची पोळी आणि दोडक्याची भाजी खाल्ली. मग आमटीभात. भात कालवता कालवता त्या रडायला लागल्या. रडणं थांबलं नाही आणि जेवणंही थांबलं नाही. दोन्ही बराच वेळ चाललं. सलिल समोर बसून वाढत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून सलिल सहाला उठू लागला. सातची बॅच. त्याआधी गणपतीला बाहेर काढून ओट्यावर ठेवायचं, पातेलं काथ्याने आतून घासायचं, नवीन पाणी भरायचं, त्याला आत ठेवायचं. यात दहा मिनिटं जायची. मग त्याच्या लक्षात आलं की घासताना आपण बोलतो. पहिले काही दिवस नुसते आरोप होते. प्लेटलेट, ते चमचाभर पाणी, आमोदला रजा मंजूर होऊन आली ती तो गेल्यावर. नंतर आमोदच्या इतरही गोष्टी निघायला लागल्या. तो स्कूटर कशी तिरकी लावायचा. चहात पोळी बुडवून खायचा. बॅचला उशीर होऊ लागला. भाग्यश्रीचा फोन आला, "सर, सगळे बसलेत, तुम्ही कुठे आहात?" सलिल म्हणाला, "घरीच. जरा बोलणं चाललंय."

नोव्हेंबर उजाडला. एका सकाळी तो असाच ओट्याशी उभा होता, हातात काथ्या, शेजारी गणपती निथळत. वासंतीबाई स्वेटर घालून आत आल्या.

"काढायचाय का आता त्याला?"

"नको. अजून काही बोलला नाही."

"बरं." त्यांनी नळाखाली बोट धरून पाहिलं. "कोमट घे मग. गार झालंय पाणी."

"आई, शिक्षा आहे ती."

"शिक्षा आहेच की. सर्दी कशाला?"

सलिलने थोडा वेळ वाद घालायचा विचार केला. मग पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी जरा तापल्यावर उतरवलं आणि फार कडकडीत तर नाही ना, हे बघायला त्यात कोपर बुडवून पाहिलं.